जुना द्या, नवा घ्या

स्टोअरच्या खिडकीवर लाल रंगात ठळक लिहिलेलं होतं: ‘जुना द्या, नवा घ्या.’ हे लिहिणारा स्टोअरकीपर म्हणजे फिटरच्या बायकोचा धाकटा भाऊ. बायकोच्या माहेरून आलेली भांडी झिजली, पलंग कुरकुरायला लागला, पण हा मेहुणा मात्र जसाच्या तसा टिकलाय, असं फिटर कारखान्यात चारचौघांत म्हणायचा. मेहुण्याच्या कानावर ते जायचंच. तो हसायचा नाही. त्याला विनोद कळत नाही हे फिटरला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो पुन्हा पुन्हा करायचा.

फिटरची लेक त्याच कारखान्यात कामाला होती. ती त्याला मामा म्हणायची, म्हणून बघता बघता सगळा कारखानाच त्याला मामा म्हणायला लागला. मामाचा नियम सोपा. तुटकी वस्तू खिडकीत ठेवा, तशीच नवी एक न्या. दिवा असो, झाडू असो, नाहीतर हातमोजा. एकदा खाद्य कालवायच्या मिक्सरवरच्या माणसाचा मोजा मिक्सरमध्ये गेला. नशीब थोर, हात बाहेर राहिला. तो बिचारा खिडकीवर आला तर मामा विचारतो, "जुना कुठाय?"

"यंत्रानं गिळला, मामा."

"मग यंत्राकडून घेऊन ये."

असल्या माणसाला कंपनीनं ‘उत्तम भांडार व्यवस्था’ अशी पाटी चौकटीत घालून दिली होती. ती त्याच्या डोक्यामागे टांगलेली असायची. फिटर म्हणायचा, डोक्याच्या मागेच बरी आहे, आत शिरायला जागा नाही.

कारखाना पशुखाद्याचा. खालच्या शेडमध्ये पोती भरायची, शिवायची, आणि चढत्या कन्व्हेयरवरून वरच्या गोदामात पाठवायची. कन्व्हेयरच्या वरच्या टोकाला मोटर, आणि मोटरची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारे पाच रबरी पट्टे, पुलीच्या पाच खाचांत एकाशेजारी एक बसलेले. खाली पायथ्याला तीन बाया पोती चढवायला उभ्या असायच्या. एकेक पोतं पन्नास किलोचं. त्या तिघींतली एक फिटरची लेक.

आता पट्टे सरकले की काय व्हायचं ते ऐका. मोटर आपली फिरत राहायची, पट्टे पुलीवर नुसते घसरायचे, रबर जळाल्याचा वास सुटायचा, आणि चढावरची आठ-दहा पोती घेऊन कन्व्हेयर उलटा खाली धावायचा. उलटं फिरणं अडवायला गिअरबॉक्सला एक खटका होता. तो दोन वर्षांपूर्वी तुटून त्याचा असा चुरा झाला, की मामाला दाखवायला धड तुकडासुद्धा उरला नाही. जुना नाही, म्हणून नवा नाही. पोती धाडधाड पायथ्याशी येऊन आदळायची. बाया किंचाळून बाजूला उड्या मारायच्या, आणि मग जेवणाच्या सुट्टीत एकमेकींच्या उड्यांची नक्कल करून हसायच्या. दुसरं करणार तरी काय!

उपाय करण्यात कारखाना मागे होता असं मात्र कुणी म्हणू नये. बाहेरून एक इंजिनिअर आला. त्यानं खाली उभं राहूनच वर बोट दाखवलं, "ताण कमी आहे, ताणा." ताणले. चार दिवसांत मोटरचं बेअरिंग किंचाळून मेलं. मग मामानं आपल्या अकलेनं राळेची पूड दिली, पट्ट्यांवर शिंपडायला. दोन दिवस पट्टे चिकटले, तिसऱ्या दिवशी त्या पुडीत धूळ बसून त्यांची साल निघाली. पूड जुनी परत मागता येत नाही, याचंच मामाला वाईट वाटत होतं. शेवटी मॅनेजरनं मोटरजवळ एक फलक लावला: ‘पट्टा सरकणे हा निष्काळजीपणा आहे.’ फिटरनं तो नीट उभं राहून वाचला आणि म्हणाला, "पट्ट्याला वाचता येत असतं तर आजच सुधारला असता."

खरं कारण फिटरला ठाऊक होतं, आणि ते कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पाचही पट्टे एकदम बदलायचे असतात. पट्टा वापरून थोडा लांबतो. चार जुने लांबलेले, त्यांच्यात एक नवा, आखूड, घट्ट घुसवला की सगळा भार त्या एकट्यावर. पाच जणांनी कपाट उचललं आणि चौघांनी नुसते हात लावले, तर पाचव्याचं कंबरडं मोडणारच की! नवा पट्टा तापायचा, पंधरा दिवसांत तुटायचा. उरलेले चार सैल, ते घसरायचे. फिटर तुटका खांद्यावर टाकून खिडकीवर जायचा.

"पाच दे."

"तुटले किती?"

"एक."

"मग एक मिळेल."

"अरे, तुला कितीदा सांगायचं? ते पाच मिळून एक आहेत."

"भाऊजी, मोजता येतं मला. आणि कामावर नातं नाही. इथं मला स्टोअरकीपर म्हणायचं."

"बरं. स्टोअरकीपर, तुला कितीदा सांगायचं?"

मामा खिडकी लावून घ्यायचा. तुटलेला पट्टा आत नेऊन खिळ्याला टांगायचा, त्याला तारखेची चिठ्ठी बांधायचा. तसे पट्टे भिंतभर लटकत होते. भिंतीवरच उत्तर टांगलेलं होतं, रोज त्याच्याकडे बघत हा बाबा चहा प्यायचा, आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

फिटर मॅनेजरकडेही गेला. मॅनेजरचं नाव कारखान्यात ‘बघूया’ पडलं होतं, कारण तो दुसरं काही बोलायचाच नाही. फिटरनं कपाटाचं उदाहरण दिलं, कागदावर पाच रेघा काढून दाखवल्या. बघूयानं त्या रेघा लक्ष देऊन पाहिल्या आणि म्हणाला, "बघूया." महिन्यानं उत्तर आलं: ‘चालू स्थितीतील वस्तू बदलून देण्याची तरतूद नाही.’ फिटरनं तो कागद चारदा घडी करून डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारला. निदान बाक तरी स्थिर झालं.

इथपर्यंत फिटर नुसता जीभ चालवत होता. मूर्खांना मूर्ख म्हणण्यात त्याला एक सुख होतं, खोटं कशाला बोला. पण एक दिवस बायको त्याला म्हणाली, "अहो, पोरीची कंबर पाहिलीत का? काळीनिळी झालीय. पोतं लागलं म्हणे परवा. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

फिटरच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं लेकीला हाक मारली.

"काम सोड. उद्यापासून जायचं नाही."

"बाबा, मी हटले तर तिथली जागा काय रिकामी राहणारे? दुसरी कुणाची तरी लेक उभी राहील. तिच्या बापाला पट्ट्यातलं काही कळत नसेल." ती शांतपणे म्हणाली. "तुम्हाला कळतं ना? मग काहीतरी करा. रोज मामाला टोमणे मारून माझ्या पाठीवरचं पोतं हलत नाही."

ते त्याला झोंबलं. लेक बापावर गेली होती, बोलायला लागली की वर्मावर बोट.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद झाली. आदल्याच दिवशी एक पट्टा तुटला होता, त्याची जागा रिकामी होती. फिटर वर गेला, उरलेले चार पट्टे पुलीवरून उतरवले, आणि धारदार चाकूनं चारही सपासप कापले. मग पाच मेलेले पट्टे खांद्यावर टाकून तो खिडकीवर गेला.

"पाच जुने. पाच नवे दे."

मामानं मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजले. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण नियम त्याचाच होता आणि नियमाप्रमाणे हिशेब चोख होता. त्यानं आतून पाच नवे पट्टे आणून दिले, आणि देताना असा चेहरा केला की जणू स्वतःची कातडी सोलून देतोय.

फिटरनं पाचही बसवले, पुल्या एका रेषेत घेतल्या, अंगठ्यानं एकेक पट्टा दाबून पाहिला. पाचही सारखे दबले. त्या दुपारी कन्व्हेयर असा चालला की खालच्या बाया वर बघायच्याच विसरल्या.

मामा मूर्ख होता, पण आंधळा नव्हता. संध्याकाळी चिठ्ठ्या बांधताना त्याला दिसलं, एका पट्ट्याचे धागे पिंजारलेत, आणि चारांची कड लोण्यासारखी सरळ कापलेली. सकाळी ते चारही बघूयाच्या टेबलावर होते.

"हे तुम्ही कापले?" बघूयानं विचारलं.

"मीच कापले."

"चांगले, चालू पट्टे?"

"चालू होते, साहेब. चांगले नव्हते."

बाजूला बसलेला कारकून लिहून घेत होता. फिटरनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, कपाटासकट. लेकीच्या कमरेचंही सांगितलं. कारकुनानं एवढंच लिहिलं: ‘तोडफोड मान्य.’ मामा भिंतीला टेकून उभा होता, नजर जमिनीवर. फिटरला तिथल्या तिथं कामावरून बंद केलं. कारखान्यातून बाहेर पडताना त्यानं वळून पाहिलं. कन्व्हेयर चालू होता, आणि त्याला खरंच बरं वाटत होतं.

त्याच्या जागी एक कंत्राटी फिटर आला, सांगेल तेवढं करणारा. एक महिना गेला, दुसरा गेला. पट्टा एकदाही सरकला नाही. पाच सारखे पट्टे होते, सरकतील कशाला! पण कारखान्यात डोकी वेगळीच चालली. फलकावर नवा कागद लागला: ‘संबंधित कर्मचाऱ्यास दूर केल्यापासून पट्टा सरकण्याचा एकही प्रकार नाही.’ कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, आणि या शहाण्यांनी कावळ्यावर गुन्हा दाखल केला. लेकीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा फिटर इतका हसला की त्याला ठसका लागला. बायकोला हसू आलं नाही. ती पाठ फिरवून भांडी घासत राहिली.

त्या रविवारी मामा घरी आला. हातात टाईप केलेला कागद.

"ताई, तुझ्याकडे बघून मी साहेबांच्या हातापाया पडलोय," तो बहिणीला म्हणाला. "भाऊजींनी यावर सही केली की आठ दिवसांत परत कामावर." मग फिटरकडे वळून, "वाचून दाखवतो."

कागदावर लिहिलं होतं: ‘कन्व्हेयरचे पट्टे माझ्या निष्काळजीपणामुळे व खोडसाळपणामुळे सरकत होते. झाल्या प्रकाराबद्दल मी क्षमा मागतो.’ खाली आणखी एक ओळ होती, की हे सर्व कामगारांसमोर वाचून दाखवीन.

"मामा," लेक मधेच म्हणाली, "पाचही नवे आहेत म्हणून ते सरकत नाहीत. एवढं साधं कळत नाही तुला?"

"पोरी, तुला यंत्रातलं काय कळतं? तुझे वडील गेले, पट्टा सरकायचा थांबला. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

आणि वाईट हेच, की तो ते मनापासून म्हणत होता. लबाड असता तर फिटरला बरं वाटलं असतं. लबाडाशी भांडता येतं.

"पट्ट्याचं सोड," फिटर म्हणाला, "तुझं डोकं सरकलंय. आणि तुझा तो बघूया, त्याला तर सरकायला डोकंच नाही. तीस वर्षं मी त्या यंत्राची नाडी बघतोय, आणि तू मला माफी लिहून आणतोस? ऊठ. चहा झाला असेल तर जा."

चहा अजून दिलाच नव्हता. मामा उठला. जाताना त्यानं कागद मात्र बहिणीजवळ ठेवला. बायकोनं तो फाडला नाही. कपाटात ठेवून दिला.

तिसऱ्या महिन्यात लेक एकदा कामावरून आली, पाय धुतले, टॉवेल हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" फिटरनं विचारलं.

"पुलीत सुतळी अडकली आज. एक पट्टा तुटला."

फिटर ताठ बसला. "मग?"

"मामानं एक दिला."

"चारांत एक? नवा?"

"एक. मी त्या नव्या फिटरला सांगितलं, बाबा. पाचही बदला, नाहीतर चारांवरच चालवा, पण हा एकटा बसवू नका. तो म्हणाला, मागच्या फिटरचं काय झालं ते ऐकलंय मी. बसवला."

फिटरनं बोटं मोजली. पंधरा दिवस. फार तर वीस. तो नवा तापेल, तुटेल, आणि त्या झटक्यानं सगळी पोती खाली येतील. कधी येतील ते सांगता येत नाही, पण कुणावर येतील ते त्याला माहीत होतं. ती समोर टॉवेलनं पाय पुसत होती.

 ज्यांना आयुष्यभर गाढव म्हटलं, त्यांच्यासमोर उभं राहून आपणच गाढव असल्याचं वाचून दाखवायचं. नुसत्या विचारानं त्याचे कान तापले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं तो दुसऱ्यांना ऐकवत आला होता. आता पाय समोर होते आणि हरी म्हणजे आपण.

"अगं," त्यानं बायकोला हाक मारली, "तो कागद कुठाय?"

बायकोनं कपाट उघडलं. तिनं पेनही आणून दिलं. सही करताना त्याचा हात नीट चालला, पण सही झाल्यावर त्यानं पेन असं आपटलं की त्याचं टोपण कुठं उडालं ते सापडलं नाही.

आठव्या दिवशी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. बघूया एका पोत्यावर चढून उभा राहिला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. कन्व्हेयर बंद होता. पायथ्याशी तिघी बाया उभ्या, लेक मधली. फिटरनं कागद उघडला आणि वाचायला लागला. "कन्व्हेयरचे पट्टे माझ्या..."

"मोठ्यानं, भाऊजी. मागे ऐकू जात नाही." मामा म्हणाला.

कामावर नातं नाही म्हणणारा मामा आज भाऊजी म्हणाला. कदाचित त्यालाही बरं वाटत नसेल. फिटरनं त्याच्याकडे पाहिलं, जिभेच्या टोकावर आलेलं गिळलं, आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं. निष्काळजीपणामुळे. खोडसाळपणामुळे. मिक्सरवरचा माणूस भलतीकडेच बघत होता. एक-दोघं खाली मान घालून उभे होते. लेक मात्र बापाकडेच बघत होती, डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. क्षमा मागतो, हे शेवटचे शब्द वाचून त्यानं कागद घडी करून बघूयाच्या हातात दिला.

"छान," बघूया म्हणाला. "चूक मान्य करायला मोठं मन लागतं." दोन-चार टाळ्या पडल्या.

फिटर थेट वर गेला. अंगठ्यानं पट्टे दाबले. चार सारखे दबले, पाचवा दगडासारखा. बोट लावलं तर त्याची कड आत्ताच चकाकायला लागली होती. चार-पाच दिवसांचा सोबती. त्यानं तो उतरवला, बाजूला ठेवला. राहिलेले चार एका दिवशी बसवलेले, एका वयाचे. ते त्यानं एकसारखे ताणले, पुली हातानं फिरवून पाहिली, सगळे बोल्ट आवळले. एका उपटसुंभासकट पाचांपेक्षा चार सारखे पट्टे केव्हाही बरे, फक्त भार कमी द्यायचा. पाच मागायला खिडकीवर गेला असता तर पुन्हा मोजणी झाली असती. चारांसाठी कुणाला विचारायची गरज नव्हती.

तो खाली आला. बाया थांबल्या होत्या. बघूया निघून गेला होता, मामा घड्याळ बघत उभा होता आणि काम अजून सुरू का नाही असं विचारत होता. फिटर बायांकडे वळला.

"चढावर एका वेळी सहाच पोती," तो बायांना म्हणाला. "पहिलं वर पोचल्याशिवाय सातवं चढवायचं नाही. कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा. माझं नाव आता खराबच झालंय, आणखी काय होणार!"

दुसऱ्या दोघी हसल्या. लेक हसली नाही.

"खोटं वाचलंत, बाबा."

"वाचलं." त्यानं मोटर सुरू करायची खूण केली. "चल, उचल पोतं."

तिनं पोतं उचलून कन्व्हेयरवर टाकलं. ते हळूहळू चढावर गेलं, आणि ते वरच्या गोदामात जाऊन पडेपर्यंत फिटर तिच्या आणि चढाच्या मधे उभा राहिला.